सुवर्णाच्या पत्रिकेतली एकशे बारा नावं

२२ ऑक्टोबर २००४, दसरा
कामतघर गावात आज सगळे कापडाच्या लूमची पूजा करणार. आमच्याकडे कॉम्प्युटर. आळीतला पहिला. मुलीच्या, सुवर्णाच्या, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची एकशे बारा नावं मी स्वतः त्यात चढवली. नावं थोरल्या भावाने, दौलतदादाने, तीन दिवस भावकी बसवून ठरवलेली. दादाच्या हातचा कागद सकाळी निर्माल्यासोबत खाडीत सोडला. आता कागद हवा कशाला? पूजा वरवरची नको म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडून आत मेमरीच्या पट्टीलाच हळदकुंकू वाहिलं. अक्षताही.

२३ ऑक्टोबर
स्क्रीन काळी. नुसता लांब बीप, परत लांब बीप. बायको सरू म्हणाली, कुंकवाने झालं असेल. अडाणी बोलणं.

२४ ऑक्टोबर
घाबरलेलो नाही. फक्त जेवण जात नाही. धामणकर नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मितेशला फोन केला. हा बीप मेमरीचाच, म्हणाला. पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवा, नाहीतर डबा घेऊन या. डबा न्यायचा म्हणजे तो आत बघणार. पट्टी मीच बसवली. आता दोन्ही खाचांत कुंकू.

२५ ऑक्टोबर, सकाळी ८
दादाने यादी मागितली. प्रिंट बाकी आहे, म्हटलं. आनंदीआत्याचं नाव एकदा एका पत्रिकेत राहिलं होतं, तर नऊ वर्षं खारबावहून ती आमच्या दारात आली नाही. दादाने अबोला धरला तर? बाप गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. त्याच्याशिवाय सुवर्णाच्या मांडवात उभं कोण राहणार?

२७ ऑक्टोबर
निर्णय झाला. नावं आठवून लिहायची. माझं डोकं पहिल्यापासून तल्लख. एकशे अकरा झाली. एक काही आठवेना. जागा रिकामी दिसू नये म्हणून मितेशचं घातलं. दादाला न दाखवता छापखान्यात दिली.

३ नोव्हेंबर
पत्रिका आल्या. अक्षर सुंदर. आता भीती कसली म्हणून डबा मितेशकडे नेला. त्याने पट्टीचे दात खोडरबरने घासले, खाचा ब्रशने झाडल्या. दोन मिनिटांत चालू. मेमरीला कुंकू कोणी लावलं, असं त्याने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. यादी जशीच्या तशी होती. मोठेपणा नको म्हणून दादाने स्वतःला शेवटी घातलेलं.
एकशे बारावं नाव: दौलत.

४ नोव्हेंबर
पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायचा मान दादाचा. बोट ठेवून एकेक नाव वाचत शेवटपर्यंत गेला. सांगायचं ठरवलं होतं, पण पत्रिकांचा गठ्ठा सारखा करत राहिलो. मग म्हणाला, "केसरी, ह्यो मितेश कोन रं?"
दुरुस्तीवाला, म्हटलं.
स्वतःच्या नावाचं काहीच विचारलं नाही. कुंकवात बोट बुडवून पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना लावलं आणि एकटाच देवळाकडे निघाला. दर वर्षी, दर कार्याला मला सोबत नेतो. आज हाक मारली नाही.