पत्ते हलके असतात

लातूर, १२ ऑगस्ट २०००

सौ. अक्का,
उज्वलाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. लोह्यात पाऊस झाला का? आईचा गुडघा कसा आहे?

शाळा ठीक. दहावीची पोरं मात्र माझ्या तासाला पेंगतात आणि शाळा सुटली की क्लासच्या सरांकडे पळतात. सरांच्या नोट्स म्हणजे ब्रह्मवाक्य. हाव, जळते मी त्यांच्यावर. तुझ्यापासून काय लपवायचं!

मागं भूकंपावर निबंध दिला. साठ वह्यांत एकच निबंध, सरांच्या नोट्समधला. किल्लारीकडच्या उजमाच्या वहीतही तोच, आणि तिचं तर घर खरंच पडलेलं. मी म्हणलं, "पाठ केलंय ते जरा वाचून बघा. पटत नाही ते वाक्य दाखवा."

उजमा उठली. "घरं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली, असं लिवलंय. पत्ते हलके असतात, मॅडम. आमच्या भिंती दगडाच्या होत्या."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा निबंध लिहून आणला. अक्का, मला वाटलं, जिंकले मी!

नंतर कळलं, तिनं तो आधी सरांना दाखवला होता. सरांनी लगेच नव्या नोट्समध्ये छापला. आता सगळा वर्ग त्या दगडाच्या भिंती पाठ करून राहिलाय.

उजमासुद्धा.

आईला यातलं काही सांगू नकोस. पोरं माझ्याकडं चांगली शिकून राहिलीत, एवढंच सांग.

तुझी जळकुटी,
उज्वला