मेथीच्या स्टॉलवर

आबा, पायावर डोकं ठेवून माऊलीचा नमस्कार.

माझी तब्येत चांगली हाय. आईचा गुडघा कसा हाय? मेंढरं समदी विकली का चार ठेवली?

सात वर्सं इंग्रजांच्या वेळच्या दगडी भिंतीआड काढली. माझी वागणूक बघून साहेबांनी आता खुल्या जेलात धाडलंय. हितं भिंत न्हाई, कोठडीला कुलूप न्हाई. आम्ही कैदीच भाजी पिकवतो आन् रस्त्याकडंच्या स्टॉलवर विकतो.

मंगळवारी आपल्या केंदूरच्या ठकूमावशी मेथी घ्यायला आल्या. माझ्याकडं बघतच राहिल्या. "रखमाजीचा माऊली न्हवं का रं तू?"

म्या म्हणलं, "न्हाई, तुम्ही चुकलाय."

त्यांनी पिशवी उचलली आन् डोळ्याला पदर लावला. त्यांनी वळखलं व्हतं, आबा.

खुनाच्या खटल्यात बेड्या घालून उभा व्हतो, तवा बापाचं नाव इचारलं तर एका दमात सांगितलं. हितं हात मोकळं असून तुम्हाला नाकारलं.

मावशी भेटल्या तर सांगा, तो माऊलीच व्हता. आन् पत्र वाचून दाखवताना शेजारच्या हर्षदाला म्हणावं, खालचं नाव जरा मोठ्यानं वाच.

तुमचा मुलगा,
माऊली रखमाजी टेंगले