युफ्रॉन मडकं उलटं रंगवतो

करिंथच्या मेलित्ताला, थेरसँडरकडून. आनंदात राहा.

अथेन्सला नीट पोचलो. खोकला कमी आहे. तुझा गुडघा कसाय? शेळी व्याली का?

आपला युफ्रॉन मजेत आहे, जरा वाळलाय फक्त. त्याला घरी आणायला आलो, तर हा मडकं उलटं रंगवत बसलेला! आपण माणसं काळी रंगवतो. हा माणसं कोरी, मातीच्या लाल रंगाचीच सोडतो आणि भोवतालचं सगळं काळं करतो. मी म्हणालो, "गाढवा, अंगण सारवतोस का? भट्टी फसली तर मुकाट घरी चलायचं." तो म्हणाला, "चालेल बाबा. आणि नाही फसली तर?" मी म्हणालो, "तर राहा इथंच."

नजर लागू नये म्हणून त्यानं भट्टीवर राक्षसाचा मुखवटा टांगला. अगदी तुझा भाऊ डॅमॉन!

काल भट्टी उघडली. अगं, काळ्याभोर अंधारातून एक लाल बाई चपलेचा बंद बांधत बाहेर आली! आपण काळ्यावर सुईनं ओरखडत बसतो, यानं कुंचल्यानं पापण्या काढल्यात, नखंसुद्धा. मी असा हसत सुटलो की शेजारचे कुंभार धावत आले, म्हाताऱ्याला भूत लागलं म्हणून.

तेव्हा पोरगा येत नाही. रडू नकोस. आणि ओरडूही नकोस, मीही एवढ्यात येत नाही. घरची भट्टी डॅमॉन बघेल. मी युफ्रॉनकडे शिकायला बसलोय. माझी पहिली बाई माकडासारखी झालीय, पण पापण्या आहेत तिला.

धडधाकट राहा.