उद्घाटनाआधी सुरू झालेल्या कॉम्प्युटरबाबत

दिनांक : १४ सप्टेंबर २००३, रविवार

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, बोरमाळ,
जि. चंद्रपूर

विषय : संगणक कक्षात शनिवारी जे झाले ते मी केले असल्याने, त्यापायी शिपाई लटारूभाऊ कन्नाके यांना कामावरून काढू नये याबाबत.

संदर्भ : १) शनिवारी आपण स्वतः कक्षाच्या दारात उभे राहून दिलेला तोंडी आदेश.
२) मुख्याध्यापक सरांनी माझ्या सहीसाठी घरी पाठवलेला तयार जबाब (सही न करता सोबत परत जोडला आहे).

महोदय,

सर्वांत आधी एक प्रश्न. ज्या खोलीचं उद्घाटनच अजून झालं नाही, त्या खोलीत गुन्हा होऊ शकतो काय?

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या करिष्मा आणि शगुफ्ता यांनी पैज लावून विचारायला सांगितला. "साहेबाले हे लिवून दाखव, मंग मानू तुले," असं करिष्मा म्हणाली. लिहिला. पैज जिंकली. आता इथून पुढचं सगळं माझं स्वतःचं आहे आणि त्यात थट्टा नाही.

१. मी उमेरा कय्यूम शेख, इयत्ता नववी ब. माझे अब्बा बसस्टँडजवळ टेलर आहेत. शाळेचे गणवेश तेच शिवतात, आणि बुधवारी प्रमुख पाहुणे ज्या पाटीवरून पडदा ओढणार आहेत तो मखमली पडदासुद्धा सध्या आमच्याच मशीनवर आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या घरी सध्या काय चालू असेल याची आपल्याला कल्पना यावी.

२. शाळेत दोन कॉम्प्युटर आले तेव्हा मी आठवीत जायची होते. आलापल्लीच्या सागाची टेबलं आली, खिचडीच्या तांदळाची पोती हलवून खोली रिकामी झाली, उंदरांना मात्र कोणी कळवलं नाही. उद्घाटन एकदा पुलावरून पाणी गेलं म्हणून राहिलं, एकदा पाहुण्यांना वेळ नाही म्हणून. तोपर्यंत कोणी वापरायचं नाही, असं ठरलं. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात दाराच्या फळ्याही फुगतात, तिथं यंत्राला ओल धरणारच. म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू करून ठेवायचे, असा मुख्याध्यापक सरांचा आदेश झाला. किल्ली लटारूभाऊंकडे. बटण दाबायला मी, कारण मी विजेला भीत नाही. मी आत, लटारूभाऊ दारात स्टुलावर. चालू करणे म्हणजे देखभाल आणि हात लावणे म्हणजे वापर, हा फरक सरांनी मला दोनदा समजावून सांगितला होता. शगुफ्ता म्हणते, ही तर चुलीवर भात ठेवून झाकण न उघडायची ड्यूटी आहे.

सर्व पावसाळा आणि सर्व हिवाळा मी ती ड्यूटी केली, साहेब. झाकण उघडलं नाही. कॉम्प्युटरमधली मदतीची (हेल्प) पानं वाचली, तेवढीच. ती वाचण्यासाठी माउस हलवावा लागतो, तो वापरात धरायचा असेल तर धरावा.

३. माझा मामेभाऊ मोहसीन चंद्रपूरला पॉलिटेक्निकला आहे. राखेच्या रंगाची एक सीडी घेऊन तो गणपतीच्या सुट्टीत आला. त्याच्या कॉलेजात मोठ्या यंत्रांवर युनिक्स नावाची प्रणाली चालते, तिच्यात हुकूम टाईप करून काम करतात आणि स्वतःचे प्रोग्रॅम लिहितात. त्या सीडीत तसंच एक वातावरण होतं, जे आपल्या साध्या विंडोजच्या आतच बसते. सरांच्या अहवालात "मूळ प्रणाली उद्ध्वस्त करून परकीय प्रणाली घुसवली" असं लिहिलं असल्याचं कळलं. म्हणून नम्रपणे सांगते की उद्ध्वस्त काहीच झालेलं नाही. एका घरात दुसरं बिऱ्हाड भाड्यानं राहते ना, तसं ते आहे. चूल वेगळी, बोली वेगळी, छप्पर एकच. घरमालक होता तिथंच आहे. बिऱ्हाड नको झालं तर एक दिवसात खोली रिकामी करून मिळते.

मोहसीन म्हणाला, "इन्स्टॉल करणं सोपं आहे, चित्रं येतात, खिडक्या येतात, पुढं पुढं दाबत जायचं. पण तुझ्या शाळेत तुला कोण हात लावू देणार?" हे त्यानं म्हणायला नको होतं.

४. शनिवारची हकीकत. उद्घाटन जवळ आल्यामुळे मुख्याध्यापक सरांनी लटारूभाऊंना मंडपाचे बांबू रोवायला मैदानावर बोलावलं. जाताना भाऊंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, चालू कर, बस, मी येऊन राह्यलो." ते नेहमीसारखे दारात बसले असते तर मी सीडी दप्तरातून काढलीच नसती. त्यांच्यासमोर मी खोटं वागू शकत नाही. हे त्यांच्या बाजूनं लिहिते आहे, कृपया त्यांच्या विरुद्ध वाचू नये.

सीडी घातली. पहिली खिडकी आली, तिनं विचारलं, सामान इंटरनेटवरून आणायचं की इथल्याच जागेवरून. आपल्या शाळेत टेलिफोनसुद्धा नाही, म्हणून मी इथलीच जागा निवडली. मग कुठं बसवायचं ते विचारलं. मग एक लांब यादी आली, प्रत्येक ओळीपुढं गोल फिरवलेला बाण. बाणावर दाबलं की शब्द बदलतो आणि ते सामान घ्यायचं ठरते. मला प्रोग्रॅम लिहायचा होता, म्हणून त्याला लागतं तेवढंच घेतलं. सगळंच घेता येत होतं, पण पाहुण्यांसाठी डिस्कवर जागा राहावी म्हणून घेतलं नाही. यावरून माझा हेतू लक्षात यावा.

मग पट्ट्या भरायला लागल्या. एक पट्टी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. तिच्याखाली दुसरी असते, ती एकूण कामाची, ती हळूहळू चालते आणि मागं येत नाही. साहेब, मी टीव्हीवर क्रिकेट पाहते, पण एवढा जीव कधी मुठीत आला नाही. बाहेर बांबू ठोकण्याचा आवाज, वर लाईन जाईल की काय याची धाकधूक. त्या दुसऱ्या पट्टीत थोडीच जागा उरली होती, तेव्हा आपण दारात आलात. सोबत मुख्याध्यापक सर होते.

आपण विचारलं, "ही कोणाची पोरगी? हिला आत कोणी सोडलं?" त्यावर मी जे बोलले ते असं : "सर, दोन मिनिटं थांबा, नव्वद टक्के झालं आहे." ते उत्तर उद्धटपणाचं नव्हतं. त्या क्षणी मला तेवढंच माहीत होतं.

आपण म्हणालात, "बंद करा ते." मुख्याध्यापक सर पुढं झाले. मग आपणच म्हणालात, "नको, थांबा, हात लावू नका, आधी पंचनामा." तोवर पट्टी भरली, शेवटची खिडकी आली आणि तिच्यावर खालच्या बाजूला एकच बटण उरलं. त्यावर इंग्रजीत फिनिश लिहिलेलं होतं. तेवढं दाबू देता काय, असं मी विचारलं. आपण सर्वांना बाहेर काढून दाराला कुलूप आणि लाख लावली. कॉम्प्युटर चालूच राहिला.

५. काल संध्याकाळी सरांनी घरी एक कागद पाठवला. त्यात माझ्या नावानं लिहिलं आहे : "शिपाई लटारू कन्नाके यांनी मला किल्ली देऊन यंत्र वापरण्यास मुभा दिली. मी अजाण असल्याने मला काही समजले नाही." सोमवारी दुपारपर्यंत सही केली तर मला समज देऊन सोडतील. नाही केली तर दाखला हातात.

या दोन वाक्यांत खरं फक्त एवढंच आहे की त्यांनी किल्ली दिली. मुभा दिली नाही. त्यांना मैदानावर कोणी बोलावलं, ते त्यात नाही. आणि मी अजाण नाही. मला काय समजलं होतं ते परिच्छेद चारमध्ये लिहिलं आहे. कृपया ते पुन्हा वाचावं, त्या खोलीत एवढं समजलेलं दुसरं कोणी नव्हतं. (ही शेवटची ओळ खोडावी असं अम्मी म्हणाली. ठेवली आहे.)

६. लटारूभाऊ रोजंदारीवर आहेत आणि त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव आपल्याच टेबलावर आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हा जबाब आपल्याकडे आला की तो प्रस्ताव परत फिरणार, हे मात्र आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही समजेल.

आज सकाळी ते स्वतः आमच्या दुकानात आले. मी समजले, रागावतील. ते स्टुलावर बसले, शाळेत बसतात तसे दाराकडे तोंड करून, आणि म्हणाले, "उमेरा, टाक सही त्या कागदावर. मायं काऊन पाहतं तू? मी जंगलात बांबू तोडाले जाईन, नाई त कूपात लाकडं तोडाच्या कामावर जाईन. तुले शाळेतून काढलं त तू कुठी जाशीन?"

अब्बांनी कात्री खाली ठेवली. मग लटारूभाऊ उठता उठता म्हणाले, "पण सांग मले, झालं होतं काय ते पुरं?"

मी म्हटलं, एक बटण राह्यलं, भाऊ.

ते म्हणाले, "मंग म्या साहेबाले मैदानावरच थोडं थांबवाले पाह्यजे होतं." आणि हसले. साहेब, ज्याची नोकरी माझ्यामुळे जाणार आहे तो माणूस मला हसवून गेला. तेव्हापासून मी हा अर्ज लिहीत आहे. ही चौथी प्रत आहे, आधीच्या तिन्हीत शब्द फार कडक झाले होते.

७. घरची परिस्थिती. अब्बा म्हणतात (आम्ही घरी हिंदी बोलतो, अर्जासाठी मराठी केलं आहे), "बेटा, सही करून दे. लटारूला मी दुसरीकडे कुठं काम पाहून देईन. शाळेशी वाकडं घेऊन आपल्याला गावात राहता येत नाही." अम्मी म्हणते, मुलीचं नाव कागदावर चढलं की उतरत नाही. दोघंही माझ्या भल्याचं बोलतात. दोघांनाही पडद्याचं काम बुधवारच्या आत द्यायचं आहे. मी त्यांना दोष देत नाही आणि आपणही देऊ नये.

८. सबब नम्र विनंती अशी की,

लटारूभाऊंवर कोणताही ठपका ठेवू नये. ते मैदानावर होते, त्यांनी रोवलेले बांबू आजही उभे आहेत, तपासून पाहावे.

मी केलेल्या कामाची शिक्षा मला द्यावी. वर्गाबाहेर उभी राहीन, खोली झाडीन, पोती उचलीन. दाखला देऊ नये ही विनंती आहे, अट नाही.

आणि कक्षाचं कुलूप काढून, बुधवारी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ते राहिलेलं बटण दाबून घ्यावं. फीत तर सगळेच कापतात. बटण दाबल्यावर थोडा वेळ यंत्र आपलं आपलं काहीतरी लिहीत बसेल, पाहुण्यांनी घाबरू नये. त्यानंतर नव्या चिन्हावर दाबलं की एक काळी खिडकी येईल आणि तिच्यात डॉलरचं चिन्ह दिसेल. आमचे क्लार्क सर ऐकूनच म्हणाले की ते पैसे मागेल. ते पैसे मागत नाही. ते म्हणते, मी तयार आहे, सांगा.

खिडकीच्या फटीतून मी दुपारी पाहून आले. कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड दिसत होता. बुधवारपर्यंत लाईन गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. करीन. सीडी आहे, पट्ट्या पुन्हा भरतील. लटारूभाऊंची नोकरी गेली तर ती पुन्हा भरायला असं कोणतंच बटण नाही, म्हणून अर्ज बटणासाठी नसून त्यांच्यासाठी आहे, हे विषयातही लिहिलं आहे आणि इथंही लिहिते.

"आपली आज्ञाधारक" लिहायची रीत आहे, पण शनिवारी मी आज्ञा पाळली नाही, म्हणून नुसतीच

आपली नम्र,
उमेरा कय्यूम शेख
इयत्ता नववी ब

पालकाची सही : ........................

सोबत :
१) तयार जबाब, सहीची जागा कोरी.
२) इन्स्टॉलच्या सर्व खिडक्यांची रंगीत पेन्सिलनं काढलेली चित्रं, क्रमानं. (छापून दिली असती, पण प्रिंटरचंही उद्घाटन बाकी आहे.)
३) सीडी. चौकशी झाल्यावर परत मिळावी, ती मोहसीनची आहे.

प्रत माहितीसाठी :
१) मा. मुख्याध्यापक सर.
२) श्री. लटारूभाऊ कन्नाके. करिष्मा वाचून दाखवेल.
३) अब्बा आणि अम्मी.

अब्बा, तोंडानं सांगायला गेले की तुम्ही मशीन चालू करता आणि मला ऐकू जात नाही, म्हणून इथं लिहिते. मी ठरवलं आहे. त्या कागदावर सही करणार नाही. या अर्जावर केली आहे. उद्या कचेरी उघडली की मी स्वतः नेऊन देणार, आणि पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही. पडद्याचं काम तुम्ही थांबवू नका, तो चांगला झाला आहे. वर तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे. अम्मी, रागावू नको, तुझ्यासाठीही तिथं जागा पुरेल. सकाळपर्यंत ती कोरी राहिली तर कोरी घेऊन जाईन, पण जाईन.