ओटी न घेतलेली वर्षं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रुसून बसणं माझ्या वयाला शोभत नाही, म्हणून लिहिते आहे. परवा दवाखान्यात एक गोष्ट कळली. ती तुला कळायला हवी होती, निदान माझ्या डोहाळजेवणाआधी तरी.

कसबा पेठेतलं आपलं स्वयंपाकघर. चैत्रातलं हळदीकुंकू. तू कैरीची डाळ वाटते आहेस आणि शेजारच्या काकू खण-नारळ घेऊन थेट आत येतात. "अहो, पदर पुढे करा. सवाष्णीला ओटी न भरता कसं सोडायचं?" तू हातही न पुसता म्हणतेस, "सवाष्ण आहे हो, पण ऑपरेशन झालंय ना आमचं. दुकान बंद. बंद दुकानात माल कशाला भरता?" काकू हसतात, मीही हसते. पुण्यात बंद दुकानाचं नवल कुणाला? धाकट्याच्या बाळंतपणानंतर तू ते ऑपरेशन करून घेतलंस, आणि तेव्हापासून तुझी ठाम समजूत, की कूस आटली. तरी पाळी यायचीच. त्यावरही तुझ्याकडे उत्तर होतं, "ते मागचं साठलेलं. संपेल हळूहळू." ते संपायला पन्नाशी उजाडली. केवढा साठा गं तुझा! मंडईतल्या व्यापाऱ्यांनी हेवा करावा असा.

माझ्या डोहाळजेवणाला मात्र हसू आलं नाही. हिरवी साडी तू निवडलीस, नारळ मंडईत वाजवून वाजवून तूच आणलास. मी फुलांनी मढून पाटावर बसलेली, आणि बायका म्हणाल्या, "आता आईनं ओटी भरायची." तू काकूंचा हात धरून त्यांना पुढे केलंस. "तुम्ही भरा. माझ्या हातानं नको." आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिलीस. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणालीस, "आटलेल्या विहिरीवर कुणी पाणी भरायला येतं का?" मी तेव्हा संस्कृतात एम. ए. करत होते, वाद घालण्यात घरात कुणाला हार जात नव्हते. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मुद्दाच नाही. आमच्या ग्रंथांत बीज कुणाचं, क्षेत्र कुणाचं, पीक कुणाचं, यावर पानंच्या पानं आहेत. पण वाट बंद झाली तर बीजाचं काय होतं, हे एकाही पंडितानं लिहिलेलं नाही. विचारायला घरात बायकाच नसाव्यात बिचाऱ्यांच्या.

तर परवा. तुझ्या नातीचं दुसरं सिझेरियन ठरलंय, त्यातच नळ्या बांधून घ्यायच्या म्हणते. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा वयाच्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "हे बघा काकू, बांधतो त्या नळ्या. बीजांडकोशाला हातही लावत नाही. बीज दर महिन्याला तयार होतं, बाहेर पडतं. पुढे रस्ता नाही, म्हणून शरीरातच विरघळून जातं. पाळी पहिल्यासारखीच येते, आणि जायच्या वयातच जाते. फक्त मूल राहत नाही. अगदी क्वचित राहतं, म्हणून पाळी चुकली तर दाखवायला यायचं."

मी त्या चित्राकडे बघत बसले. म्हणजे तुझं काही आटलं नव्हतं. तू डाळ वाटत होतीस, काकूंना टोमणे मारत होतीस, तेव्हाही आत बीज येत होतं आणि मुकाट्यानं विरघळत होतं. आणि आटलं असतं, तरी काय? माझी ओटी भरायला तुझे हात पुरेसे होते. हे त्या दिवशी सुचलं असतं, तर तुला चौकटीपासून ओढून आणलं असतं.

धायरीहून तू आहेस तिथवर टपाल जात नाही, तेव्हा हा कागद इथेच राहणार. म्हणून एक सांगून टाकते. तुला वाटलं असेल, डॉक्टरांना नातीनं विचारलं. छे. तिला हे सगळं शाळेपासून माहीत आहे, ती तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. विचारलं मी. माझंही ऑपरेशन होऊन खूप वर्षं झाली, आई, आणि कुणाची ओटी भरायची वेळ आली की मीही सगळ्यांसाठी पाणी आणायला उठते.