ठणठणीत गावात कॉफी

६ जून १९३८, सोमवार

सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर. आजपासून रोजनिशी. माणसाने मोठे काम हाती घेतले की त्याची नोंद राहिली पाहिजे.

बारा वर्षे जळगाव जामोदच्या तहसील कचेरीत नकला केल्या. जमिनी लोकांच्या, भांडणे लोकांची, अक्षर तेवढे माझे. गेल्या वर्षी नागपूरला एका मद्रासी हॉटेलात कॉफी प्यालो आणि डोळे उघडले. इथले लोक चहाच्या नावाखाली गुळाचे उकळलेले पाणी पितात आणि त्यांना कोणी सांगत नाही. मी सांगणार. कच्चे दाणे आणायचे, गावातच भाजायचे, कुटून पुड्या बांधायच्या. दुकान घराच्या ओसरीवर. ‘भगवंत कॉफी भांडार’ असा बोर्ड रंगवायला टाकला.

कचेरीतले वरिष्ठ, नाझरसाहेब, म्हणाले, भगवंतराव, सहा डिसेंबरला खुर्चीत दिसा, नाहीतर राजीनामा पाठवा, पण एकदा गेलेली जागा परत मिळत नाही बरं. मी फक्त हसलो. रजेपुरता माझ्या खुर्चीत मेहुणा इंद्रभान बसणार. बसू दे.

७ जून

सौ. सत्यभामाबाईंचे मत: ‘कॉफी मानूस दुखण्यात पेते. ताप उतरला, तोंडाले चव नाही, तं जायफळ घालून द्याची. ठणठणीत मानसानं पेली तं शेजारीपाजारी इचारतात, घरी कोन पडलं म्हून.’ हिचे शिक्षण तिसरीपर्यंत.

११ जून, सकाळी

नांदुऱ्याहून मोटारीवर दाण्यांचे पार्सल आले. भाजण्यासाठी फकीर मोहम्मदची फुटाण्याची भट्टी ठरवली. त्याच्या हाताने हरभरा फुटतो तसा तालुक्यात कोणाच्या हाताने फुटत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

तापल्या वाळूत दाणे टाकले आणि सवयीने त्याने वरून हळद-मिठाच्या पाण्याचा हबका मारला. पहिला घाणा पिवळा निघाला. मग त्याला रोस्टिंगची थिअरी समजावून दिली. दाणा आधी तपकिरी, मग काळसर, मग त्याला तेल सुटते. त्याचे म्हणणे, ‘मले तं एवढंच मालूम, दाना काया पडला म्हंजे जयला.’ कारागिराला व्हिजन नसते.

१३ जून

दुसरा घाणा फर्स्ट क्लास. सौ.च्या जात्यावर दळला. संध्याकाळच्या भाकरी कडू झाल्या. सौ.ने माझ्यापुढे खलबत्ता आणून ठेवला आणि जात्यावर पोते टाकले.

२ जुलै

उद्घाटन. तीसेक मंडळी आली. फुकट सँपल दिले. जवळजवळ प्रत्येकाने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. पब्लिकला माझ्याबद्दल एवढी आपुलकी असेल असे वाटले नव्हते. विक्री झाली नाही.

संकल्प: पहाटे उठणे. चहाला शिवायचे नाही. दिवसातून तीनदा ओसरीवर सगळ्यांना दिसेल असे बसून कॉफी पिणे, म्हणजे गावाला हळूहळू सवय होईल.

१० जुलै

पहाटे उठण्याचा संकल्प रद्द. कॉफीने झोप उशिरा लागते. हा कॉफीचा गुणच आहे.

रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, ‘आता बरं वाटून राह्यलं का?’ मी उत्तम म्हणतो. ते एकमेकांकडे बघून पुढे जातात. विक्री नाही.

२७ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली आहे. गावभर डबकी. चिखलातून येऊन आज चार जणांनी पुड्या नेल्या! दोघांचे तर डोळे लाल. अभिरुची जागी होताना असे होत असावे.

९ सप्टेंबर

मागणी थांबत नाही. खलबत्त्याने हाताला फोड आले. वरवट बकालच्या पुंजाजी पाटलांचा गडी एकदम दहा पुड्या घेऊन गेला. मोठे घर, मोठी टेस्ट. गडी म्हणाला, घरात सातजण पडून आहेत. शौकीन लोक लोडाला टेकूनच पितात. ही ऑर्डर लाल शाईने लिहून ठेवली.

१८ सप्टेंबर

ऐन सीझनमध्ये फकीर मोहम्मद दोन दिवस भट्टीवर नाही. त्याच्या घरी गेलो. नात शाहजादी तापाने फणफणली होती. त्याने एक पुडी मागितली, मी दिली. कारागीर वर्गापर्यंत कॉफी पोचली ही गोष्ट लहान नाही. भट्टी उद्या पेटेल का, असे विचारले तर म्हणाला, ‘पोरगी उठून बसली तं पेटवू.’ असे बोलणे धंद्याला बरे नाही.

१ ऑक्टोबर

सौ. म्हणते, ‘अवो, घरोघर हिवताप हाये, म्हून खपून राह्यली तुमची कॉफी.’ तिला आलेख काढून दाखवला. जून, जुलै जमिनीवर. ऑगस्टमध्ये रेषा डोके वर काढते आणि सप्टेंबरमध्ये कागदाबाहेर जाते. याच चालीने मार्चपर्यंत खामगाव आणि अकोला काबीज. आलेखात ताप कुठेच दिसत नाही. तिला तसे म्हटलेही.

३ ऑक्टोबर

राजीनामा दिला. डिसेंबरपर्यंत वाट कशाला पाहायची? एकच ओळ लिहिली, पण काय अक्षर आले! सौ.ने दिवसभर डोळ्यांना पदर लावला होता. आनंद झाला की बायकांचे असेच. इंद्रभान कायम झाला, पेढे घेऊन आला. त्याला सांगितले, तू नकला कर बाबा, आम्ही आता अस्सल माल देतो.

१७ ऑक्टोबर

सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले आहेत. माणूस विचित्र. स्वतः हिंडून डबक्यांवर घासलेट ओतून घेतो. घरोघर क्विनाइन वाटतो आणि लोक गिळेपर्यंत दारात उभा राहतो. एवढा वेळ याला मिळतो कुठून?

२५ ऑक्टोबर

विक्री जरा मंद. दिवाळीमुळे.

२ नोव्हेंबर

विक्री मंद. दिवाळी संपल्यामुळे.

८ नोव्हेंबर

शाहजादी गल्लीत लंगडी खेळताना दिसली. फकीर मोहम्मद हसत आला. ‘आता कॉफी नोको बाबूसाहेब, अल्लाच्या मेहरबानीनं पोरगी भाकर खाऊन राह्यली.’ एक गिऱ्हाईक गेले, हाच विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला. पोर बरी झाल्याचा आनंद नंतर झाला, बराच नंतर. मला लाज वाटली. हा मजकूर उद्या खोडून टाकावा.

१२ नोव्हेंबर

बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरसाहेबांकडे अर्ज पाठवला. चार पाने. घासलेटाच्या दुर्गंधीने गावातील सुगंधी मालाचे नुकसान होत आहे, आणि क्विनाइनच्या सक्तीने पब्लिकच्या जिभेची चव मारली जात आहे, सबब दोन्ही प्रकार बंद व्हावेत. हिवतापाबद्दल एक शब्द लिहिला नाही. हिवतापाशी माझा काय संबंध?

२० डिसेंबर

थंडी छान पडली आहे. सगळे गाव ठणठणीत. शेकोटीशी बसून लोक हसतात-खिदळतात. एवढे हसण्यासारखे काय आहे, कळत नाही. महिन्याभरात एकही पुडी गेली नाही. उरलेल्या दाण्यांना बुरशीचा वास येतो. सौ. म्हणाली, इंद्रभानला सांगून कचेरीत शब्द टाकू का? मी ताट सारून उठलो. अर्ध्या तासाने परत बसलो.

१४ जानेवारी १९३९, संक्रांत

नवी योजना. गिऱ्हाईक येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाकडे जावे. मोटारीने वरवट बकालला पुंजाजी पाटलांकडे गेलो. तिळगुळाबरोबर रिबीन बांधून कॉफीची पुडी. पाटलांच्या आईने, रुखमाबाईंनी, पुडी हुंगली मात्र, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘सनाच्या दिवशी दुखन्याचं सामान घेऊन आला काय बे? आमच्या घरी अजून कोनी पडावं असं वाटते काय तुले?’ पुडी अंगणात भिरकावून दिली.

पाटलांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, म्हातारीचं मनावर घेऊ नका, भादव्यात तिचा धाकटा नातू गेला. सातही जण तापात होते. कॉफीचा वास आला का तिले तेच दिवस आठवतात.

परतीच्या मोटारीत आठवले. ती दहा पुड्यांची ऑर्डर मी लाल शाईने लिहिली होती.

घरी आल्यावर बोर्ड उतरवला. 

६ फेब्रुवारी

कचेरीत गेलो. नाझरसाहेबांनी उठून मला खुर्ची दिली, हात धरून बसवले. माझी जागा नाही, ती इंद्रभानची. पण काम जास्त आले तर पानाप्रमाणे नकला देता येतील. मात्र दवाखान्यातून फिटनेस सर्टिफिकेट आणावे लागेल.

ते कशाला? राजीनाम्यात मी कारण दिले नव्हते. रकाना रिकामा कसा ठेवायचा, म्हणून नाझरसाहेबांनी आपल्या हाताने ‘दीर्घ आजार’ असे लिहिले. म्हणाले, ‘सारं गाव पाहत होतं भगवंतराव, दिवसातून तीनतीनदा कॉफी. आम्ही तं म्हटलं, आता हा मानूस काही उठत नाही.’

म्हणजे ओसरीवरच्या त्या कॉफीवरून जुलैपासून गावाने मला दुखणेकरी मानले होते. माझी कीव केली होती. मी त्याला जाहिरात समजत होतो.

९ फेब्रुवारी

दवाखाना. माझा अर्ज बुलढाण्याहून रिपोर्टासाठी तहसीलात आणि तहसीलातून डॉक्टरांकडे आलेला. टेबलावरच होता. अर्ज वरून खाली कसे उतरतात हे बारा वर्षे पाहिलेल्या माणसाच्या हे आधी लक्षात यायला हवे होते.

डॉक्टर म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे तुमचे. मग जीभ पाहिली, पोट चाचपले, छातीला नळी लावली. तुम्हाला काहीही झालेले नाही, असे म्हणाले. सही केली. अर्जाबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

१३ फेब्रुवारी

कचेरीत पहिला दिवस. खुर्चीत इंद्रभान, शेजारी स्टुलावर मी. पहिले काम डॉक्टरांच्या रिपोर्टाच्या तीन प्रती, बुलढाण्यासाठी. ‘मौजे जळगाव जामोद. हिवतापाची साथ यंदा नेहमीपेक्षा महिनाभर आधी आटोक्यात. नवे रोगी: निरंक.’

इंद्रभानने बोट ठेवून ओळ न ओळ तपासली. दुसऱ्या प्रतीत एक मात्रा राहिली होती, ती मला दाखवली. मी दिली.

बाकी तिन्ही प्रतींत अक्षर चांगले आले आहे. ‘निरंक’ तर फारच छान.