सगळी नावं एका रुंदीत

३ एप्रिल
देवेशच्या हळदीचे टी-शर्ट मीच करणार. सख्खा चुलतभाऊ डिझायनर असताना बाहेर ऑर्डर? देवेशचे वडील, परशुरामकाका म्हणाले, करून दाखव, मग मानपाड्याच्या बिल्डिंगमधला खालचा गाळा तुझ्या प्रिंटिंगला देतो. म्हणजे गाळा मिळालाच. उद्यापासून पहाटे उठणे.

४ एप्रिल, सकाळी ११
उठलो. आयडिया जबरदस्त आहे. घरातल्या सगळ्यांची नावं एकाखाली एक, प्रत्येक ओळ एकाच रुंदीत ताणायची. छोटं नाव आपोआप मोठं होतं, लांबलचक नाव बारीक. लहानमोठ्या अक्षरांचा एकसंध ठोकळा. अख्ख्या डोंबिवलीत हे कुणाला जमत नाही.

६ एप्रिल
माझं ‘नयन’ सगळ्यात मोठं आलं. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, मी काय करू? ‘परशुराम’ बारीक. यात माझा काडीचाही दोष नाही, गणित आहे ते. ‘धोंडिबा’ मात्र कुठेच बसेना. वरचा अनुस्वार दुसऱ्याच्या ओळीत घुसतो. काढून टाकलं. दादा समजून घेतील, माझेच वडील आहेत.

९ एप्रिल
काकांना दाखवलं. वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. मग म्हणाले, लग्न देवेशचं आहे का तुझं? मी बॅलन्स, व्हिज्युअल वेट, सगळं समजावलं. तर म्हणे, ते राहू दे, आमच्या दादाचं नाव कुठंय? म्हटलं, बाहीवर घेतो. देवेशची बहीण दिशा मधेच बोलली, सगळ्यांची नावं सारखी कर ना रे, दहा मिनिटांचं काम. ही पार्लरचा कोर्स करते आणि मला टायपोग्राफी शिकवते. या घरात जमिनीला भाव आला, बाकी कशालाच नाही.

१० एप्रिल
तडजोड करणार नाही. तसंच छापायला टाकलं. अंगावर बघितलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. बाहीचं राहून गेलं.

१४ एप्रिल
टी-शर्ट आले. काकांनी गठ्ठा सोडलाही नाही. कल्याणहून आधीच दुसरे मागवलेत. पिवळे, छातीवर नुसतं ‘देवेशची हळद’. भिकार फॉन्ट. गाळ्यात दिशाचं पार्लर होणार. मला तो गाळा नकोच होता. ओल येते तिथे.

१७ एप्रिल, सकाळी
काल हळद झाली. अख्ख्या मांडवात माझा टी-शर्ट एकट्या दादांनी घातलेला. पोराने केलाय म्हणून. दादांना वाचता येत नाही. घालताना विचारलं, यात माझं नाव कुठलं रे. मी सगळ्यात मोठ्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरं काय सांगणार होतो?

मग मांडवभर फिरले. एकेकाला थांबवून छातीवर हात ठेवून सांगत होते, बघ, पोराने बापाचं नाव सगळ्यात मोठं केलं. लोक वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि हो हो म्हणायचे. काकांनीही वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, हो दादा, तुझंच नाव आहे.

आज लग्न. दादांनी तोच टी-शर्ट पहाटे धुऊन वाळत घातला, लग्नालाही तोच घालणार म्हणतात. मी जात नाहीये. डोकं दुखतंय.